सार्वजनिक भूमीवरील मुक्काम : बुग्याल, सरोवरे आणि तंबूचा प्रश्न

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातील वाण या गावापासून वर चढत गेल्यास बांज आणि बुरांस या वृक्षांचे जंगल हळूहळू विरळ होते आणि अखेरीस वृक्षरेषा संपून विस्तीर्ण गवताळ उतार सुरू होतात. स्थानिक भाषेत अशा कुरणांना 'बुग्याल' म्हणतात. सुमारे ३,३५० मीटर उंचीवरील बेदिनी बुग्याल आणि त्याला लागून असलेले आली बुग्याल ही त्यांतील विशेष प्रसिद्ध नावे होत. दर बारा वर्षांनी निघणारी नंदादेवी राजजात यात्रा याच मार्गाने जाते आणि मानवी सांगाड्यांमुळे जगभर कुतूहलाचा विषय ठरलेल्या रूपकुंड सरोवराकडे जाणारी वाटही येथूनच पुढे जाते. अनेक वर्षे देशभरातील पदभ्रमंती करणारी पथके या कुरणावर तंबू ठोकून मुक्काम करीत असत.

२१ ऑगस्ट २०१८ रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयाने या मुक्कामावर बंदी घातली. आली-बेदिनी-बागजी बुग्यालांच्या संरक्षणासाठी स्थापन झालेल्या एका स्थानिक समितीने २०१४ मध्ये दाखल केलेल्या जनहित याचिकेवर हा निर्णय झाला. बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामास मनाई करावी, तेथे जाणाऱ्या पर्यटकांची संख्या २०० पेक्षा अधिक असू नये, पक्की बांधकामे तीन महिन्यांत हटवावीत, व्यापारी स्वरूपाची चराई बंद करून केवळ स्थानिक पशुपालकांनाच, तीही मर्यादित प्रमाणात, परवानगी द्यावी, असे निर्देश न्यायालयाने दिले. याचिका बाहेरच्या एखाद्या पर्यावरणवादी संस्थेने केलेली नव्हती, ही बाब येथे लक्षात घ्यावयास हवी. कुरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनाच त्याची चिंता वाटू लागली होती. परंतु बंदीचा पहिला आर्थिक फटकाही त्याच परिसरातील वाटाडे, खेचरवाले आणि भारवाहक यांना बसला. सार्वजनिक भूमीवरील मुक्कामाचा प्रश्न वरवर क्रीडा वा पर्यटनाचा भासत असला, तरी त्याच्या मुळाशी नैसर्गिक संसाधनांवरील हक्क आणि जबाबदारी यांची वाटणी कशी करावयाची, हा विकासाच्या अर्थशास्त्रातील जुनाच प्रश्न आहे.

सुविधारहित मुक्कामाची संकल्पना

ज्या ठिकाणी नळ, शौचालय, वीज, कचरापेटी, आखून दिलेली जागा यांपैकी काहीही नाही आणि बहुधा शुल्कही नाही, अशा मोकळ्या सार्वजनिक जमिनीवर स्वतःच्या साधनांनिशी केलेला मुक्काम म्हणजे सुविधारहित किंवा विखुरलेला मुक्काम. या संकल्पनेला सर्वांत व्यापक शासकीय मान्यता अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आहे. तेथील भूव्यवस्थापन विभागाकडे सुमारे २४.५ कोटी एकर, तर वनसेवेकडे सुमारे १९.३ कोटी एकर संघराज्याची जमीन आहे. या जमिनींच्या बऱ्याच मोठ्या भागावर कोणतेही शुल्क न भरता तंबू ठोकता येतो. भूव्यवस्थापन विभागाच्या जमिनीवर सर्वसाधारण नियम असा की, २८ दिवसांच्या कालावधीत एका जागी १४ दिवसांपेक्षा अधिक मुक्काम करता येत नाही. तंबू पाण्यापासून सुमारे २०० फूट दूर असावा आणि विष्ठा सहा ते आठ इंच खोल खड्ड्यात पुरावी, हे तेथील सर्वमान्य संकेत आहेत.

म्हणजे 'मोफत' आणि 'मोकळा' या शब्दांचा अर्थ नियमरहित असा तेथेही नाही. शिवाय ही व्यवस्था दोन गोष्टींच्या आधारे उभी आहे. जमीन विपुल आणि लोकसंख्येची घनता अत्यल्प, ही पहिली गोष्ट. दुसरी म्हणजे जमिनीचा मालक कोण याविषयी संदिग्धता नसणे. भारतात या दोन्ही बाबतींत परिस्थिती निराळी आहे. त्यामुळे परदेशी पुस्तिकांतील नियम जसेच्या तसे उचलून येथील कुरणांना लावण्याचा उत्साह फारसा उपयोगाचा ठरत नाही.

जमीन कोणाची?

भारतातील नोंदणीकृत वनक्षेत्र सुमारे पावणेआठ लाख चौरस किलोमीटर आहे. उत्तराखंडमध्ये तर राज्याच्या भौगोलिक क्षेत्राच्या सुमारे ७१ टक्के भूभाग वनक्षेत्र म्हणून नोंदलेला आहे. साहजिकच डोंगरमाथा असो वा सरोवराचा काठ, प्रवाशाला जी जमीन 'कोणाचीच नाही' अशी वाटते, ती प्रत्यक्षात बहुतेक वेळा वनविभागाच्या ताब्यात असते. राखीव वनाला भारतीय वन अधिनियम, १९२७ लागू होतो. त्यातील कलम २६ नुसार राखीव वनात अनधिकृत प्रवेश करणे, तसेच वनाधिकाऱ्याने मुभा दिलेल्या हंगामाखेरीज अग्नी पेटविणे वा बाळगणे हा अपराध आहे. अभयारण्यात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे कलम २७ प्रवेशावर निर्बंध घालते आणि कलम २८ नुसार अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन इत्यादी कारणांसाठी परवाना देता येतो. राष्ट्रीय उद्यानांतील नियम याहून कडक आहेत. महाराष्ट्रातील गिर्यारोहकांच्या परिचयाचा हरिश्चंद्रगड हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तेथे तंबू ठोकणारा प्रत्येक जण, त्याला माहीत असो वा नसो, याच कायद्याच्या कक्षेत असतो.

वनविभागाच्या जमिनीखेरीज महसूल खात्याची पडीक जमीन, ग्रामसभेची गायराने, धरणांसाठी जलसंपदा विभागाने संपादित केलेले काठ आणि उत्तराखंडमधील वनपंचायतींची वने असे इतरही प्रकार आहेत. कुमाऊंमध्ये १९३१ च्या नियमांनी आकाराला आलेल्या वनपंचायतींची संख्या आज अकरा हजारांहून अधिक आहे. प्रत्येक प्रकारच्या जमिनीवर परवानगी देणारा अधिकारी वेगळा, नियम वेगळे आणि अनेकदा नकाशेही वेगळे असतात. एकाच दिवसाच्या चालीत प्रवासी यांपैकी तीन प्रकारच्या जमिनी ओलांडतो आणि सीमा कोठे बदलली हे सांगणारी खूणही त्याला आढळत नाही.

सार्वजनिक संसाधनांच्या बाबतीत राज्यसंस्थेचे स्थान काय, याविषयी मात्र सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट भूमिका घेतली आहे. बियास नदीच्या पात्रालगतच्या वनजमिनीवर उभारलेल्या एका पर्यटक निवासासंबंधीच्या एम. सी. मेहता विरुद्ध कमल नाथ या खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये न्यायालयाने सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे म्हटले. नद्या, वने, किनारे ही संसाधने राज्याकडे लोकांसाठी विश्वस्त या नात्याने असतात; ती खासगी लाभासाठी देऊन टाकता येत नाहीत. पुढे जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०११ च्या निकालात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश सर्व राज्यांना देण्यात आले.

एवढे कायदे असूनही तंबू त्यांच्या फटीतून निसटतो, कारण बहुतेक नियमांचा रोख 'स्थायी बांधकामा'वर आहे. पाणथळ क्षेत्रे (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ हे याचे चांगले उदाहरण ठरावे. मागील दहा वर्षांतील सरासरी उच्च पूररेषेपासून ५० मीटरच्या आत स्थायी स्वरूपाच्या बांधकामास या नियमांनी मनाई केली आहे. तंबू हा स्थायी नसतो. परंतु मे महिन्यात ठोकलेला आणि ऑक्टोबरमध्ये काढलेला, दर वर्षी त्याच जागी उभा राहणारा तंबू कुरणाच्या दृष्टीने इमारतीपेक्षा फारसा वेगळा नसतो. एका रात्रीचा प्रवासी आणि हंगामभराचा व्यावसायिक तळ यांत जमिनीवरील परिणामांच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. नियमांत ते पुरेसे उमटलेले नाही.

कुरण कसे झिजते?

बुग्यालाचा हिरवा थर पाहताना तो मजबूत वाटतो. वस्तुतः तो हिमाच्या दोन हंगामांमधील चार-पाच महिन्यांच्या वाढीवर जगणारा, मुळांच्या दाट जाळ्याने बांधलेला पातळ मातीचा थर असतो. या उंचीवर माती तयार होण्याचा वेग अत्यंत मंद आहे. कुटकी, अतीस, जटामांसी यांसारख्या औषधी वनस्पती याच थरात वाढतात.

एका रात्रीच्या तंबूने गवत दबते व काही दिवसांत पूर्ववत होते. त्याच जागी आठवडाभर तंबू राहिल्यास गवत पिवळे पडते आणि महिनाभर राहिल्यास मरते. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून तंबूभोवती चर खणण्याची जुनी पद्धत तर त्याहून घातक आहे. उतारावर खणलेला हा चर पुढच्या पावसात पाण्याला वाट दाखवितो, दोन-तीन हंगामांत त्याची घळ होते आणि घळीच्या कडांवरील गवताचा थर सुटून खाली घसरू लागतो. स्वयंपाकाच्या तंबूभोवतीची सततची ये-जा, बांधून ठेवलेली खेचरे आणि शौचासाठी खणलेले खड्डे यांचा भार बहुधा झोपण्याच्या तंबूंपेक्षा अधिक असतो. वृक्षरेषेच्या वर सरपण म्हणून जाळण्यासारखे असते ते जुनिपर व खुज्या ऱ्होडोडेंड्रॉनचे झुडूप. मनगटाएवढी फांदी तयार होण्यास या हवामानात कित्येक दशके लागतात. ती एका संध्याकाळच्या शेकोटीत संपते. उत्तरकाशी जिल्ह्यातील दयारा बुग्यालावर अशाच झिजलेल्या उतारांची दुरुस्ती करताना वनविभागाने नारळाच्या काथ्याच्या जाळ्या आणि चीडच्या सुयांसारख्या पानांचे म्हणजे पिरुलाचे बांध वापरले. मोडलेले कुरण पुन्हा सांधण्याचे हे काम मोडण्यापेक्षा कितीतरी खर्चिक व सावकाश आहे.

वापर आणि हानी यांचे नाते सरळ रेषेचे नाही, ही गोष्ट येथे विशेष महत्त्वाची आहे. मनोरंजनासाठी होणाऱ्या वापराचा निसर्गावरील परिणाम अभ्यासणाऱ्या शास्त्रज्ञांना वारंवार आढळले की, अस्पर्श जागेवर पहिल्या काही रात्रींच्या मुक्कामातच बरीचशी हानी होऊन जाते. पुढे त्याच जागेचा वापर दुप्पट झाला तरी हानी दुप्पट होत नाही. यातून दोन निष्कर्ष निघतात. जेथे वर्दळ अत्यल्प आहे तेथे मुक्काम विखुरलेला असावा आणि एकाच जागी दोनदा तंबू पडू नये. जेथे वर्दळ मोठी आहे तेथे उलट नियम लागू होतो : सर्वांनी आधीच टणक झालेल्या, ठरवून दिलेल्या मोजक्या जागांवरच राहावे आणि उरलेले कुरण मोकळे सोडावे. म्हणूनच केवळ पर्यटकसंख्येची कमाल मर्यादा हे धारणक्षमतेचे अपुरे माप ठरते. दोनशे माणसे पाच टणक जागांवर राहिली तर आणि चाळीस ठिकाणी पसरली तर, आकडा तोच असूनही परिणाम वेगवेगळे होतात.

मेंढपाळांची रीत या निष्कर्षांशी जुळणारी आहे. हिमाचलचे गद्दी, काश्मीरचे बकरवाल, लडाखचे चांगपा आणि उत्तराखंडचे पशुपालक हे शेकडो वर्षे उंच कुरणांवर तळ ठोकत आले आहेत. चारा संपला की तळ हलतो, त्यामुळे जमिनीला विसावा मिळतो. दख्खनच्या पठारावर मेंढरांचा वाडा घेऊन फिरणाऱ्या धनगरांच्या मुक्कामातही हेच तत्त्व दिसते. गढवालमध्ये त्याला श्रद्धेचीही जोड आहे. नंदाष्टमीपूर्वी ब्रह्मकमळ तोडावयाचे नाही, बुग्यालावर मोठ्याने आवाज करावयाचा नाही, भडक वस्त्रे नेसावयाची नाहीत, असे संकेत तेथे पाळले जात. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६ च्या कलम ३ मध्ये भटक्या व पशुपालक समुदायांच्या चराईच्या आणि हंगामी वापराच्या हक्कांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे मेंढपाळाचा तळ आणि पर्यटकाचा तंबू यांना एकाच मापाने मोजणे कायद्याच्या दृष्टीनेही चुकीचे ठरते. पर्यटकाला मिळते ती परवानगी, तर मेंढपाळाचा तो हक्क असतो.

पाण्याच्या काठी

सरोवरांचा प्रश्न कुरणांपेक्षा अधिक नाजूक आहे, कारण तंबू ठोकणाऱ्याला नेमका पाण्याचा काठच हवा असतो. लाहौल-स्पितीमधील सुमारे ४,३०० मीटर उंचीवरचे चंद्रताल सरोवर २००५ मध्ये रामसर यादीत समाविष्ट झाले. त्याचे क्षेत्र अवघे ४९ हेक्टर. मोटाररस्ता जवळ आल्यावर येथे तंबूंची दाटी झाली आणि पुढे काठावरील मुक्कामास मनाई करून तळ सरोवरापासून काही किलोमीटर अलीकडे हलविण्यात आले. आता प्रवासी तळावर राहतात आणि सरोवर पाहून परततात. सरोवराच्या सौंदर्यात यामुळे काही उणे झाले, असे कोणी म्हणत नाही.

लडाखमधील सुमारे ४,६०० मीटर उंचीवरील त्सो मोरिरी हे २००२ पासून रामसर क्षेत्र आहे. या सरोवराला पाणी वाहून नेणारा बाह्य प्रवाह नाही. जे आत येते ते आतच राहते. थंडीमुळे मैला कुजण्याची क्रिया इतकी मंदावते की, पुरलेला मैला वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो आणि हिम वितळताना पाण्यात उतरू शकतो. येथील पाणथळ कुरणे पट्टकादंब हंस आणि काळ्या मानेचा क्रौंच यांची विणीची ठिकाणे आहेत. पर्यटकांचा हंगाम आणि पक्ष्यांचा विणीचा हंगाम एकच असल्याने तळाबरोबर येणाऱ्या कुत्र्यांचा उपद्रवही घरट्यांना होतो. सखल प्रदेशातील सहा इंची खड्ड्याचा संकेत अशा ठिकाणी पुरेसा नाही. मैला साठवून खाली नेणे हाच तेथे खरा उपाय आहे. तो खर्चिक असल्याने त्याची चर्चा कमी होते, हेही खरे.

हक्काची परदेशी परंपरा

युरोपात काही देशांनी मुक्कामाला परवानगीऐवजी हक्काचे स्वरूप दिले आहे. स्वीडनमध्ये निसर्गात मुक्त संचाराचा सर्वजनहक्क १९९४ पासून राज्यघटनेत नमूद आहे. नॉर्वेच्या १९५७ च्या कायद्यानुसार मोकळ्या रानात, वस्तीच्या घरापासून किमान १५० मीटर अंतर राखून, सर्वसाधारणपणे दोन रात्रींपर्यंत परवानगीशिवाय तंबू ठोकता येतो. स्कॉटलंडने २००३ च्या भूसुधारणा कायद्याने जबाबदारीने वापरावयाचा प्रवेशहक्क दिला. परंतु ग्लासगो शहराला जवळ असलेल्या लॉक लोमंड सरोवराच्या काठांवर कचरा व जाळपोळ वाढल्याने २०१७ पासून मार्च ते सप्टेंबर या काळात तेथील ठराविक पट्ट्यांत परवाना सक्तीचा करावा लागला. हक्क कायम ठेवून, दबाव असेल तेवढ्याच जागी आणि तेवढ्याच महिन्यांपुरता निर्बंध घालण्याची ही पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. इंग्लंडमध्ये डार्टमूर येथील सामाईक भूमीवर तंबू ठोकण्याच्या हक्काला जमीनमालकाने न्यायालयात आव्हान दिले होते. मे २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या कायद्यातील 'मोकळ्या हवेतील मनोरंजन' या शब्दांत मुक्कामाचाही समावेश होतो, असा निर्वाळा दिला.

बंदीचा अनुभव

भारतात संपूर्ण बंदीचा प्रयोग नवा नाही. १९३४ मध्ये शिप्टन आणि टिलमन हे गिर्यारोहक ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवी शिखराच्या अंतर्भागात पोहोचले. १९७४ मध्ये हा भाग मोहिमांसाठी खुला झाल्यावर अवघ्या आठ वर्षांत तेथे कचऱ्याचे ढीग आणि तुटलेली झुडपे दिसू लागली. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित होऊन प्रवेश बंद झाला. १९८८ मध्ये हे क्षेत्र जागतिक वारसा यादीत गेले आणि २००५ मध्ये त्याला फुलांच्या घाटीची जोड मिळाली. निसर्गाच्या दृष्टीने ही बंदी फलदायी ठरली. परंतु पायथ्याशी असलेल्या लाता, रैणी, तोलमा या गावांचे भारवाहनाचे उत्पन्न आणि चराईची कुरणे ही दोन्ही एकाच वेळी गेली. याच रैणी गावच्या स्त्रियांनी १९७४ मध्ये झाडांना मिठ्या मारून जंगल वाचविले होते. ज्यांनी वन राखले त्यांनाच वनाबाहेर काढण्याचा हा प्रकार ग्रामस्थांना अन्यायकारक वाटला आणि १९९८ मध्ये त्यांनी 'झपटो-छीनो' आंदोलन करून गाभाक्षेत्रात प्रवेश केला. ऑक्टोबर २००१ मध्ये लाता येथील ग्रामसभेने जैवविविधता संवर्धन आणि निसर्ग पर्यटनाचा जाहीरनामा संमत केला. पर्यटन आमच्या व्यवस्थापनाखाली आणि निसर्गाला झेपेल एवढेच हवे, असा त्याचा आशय होता. २००३ मध्ये उद्यानाच्या एका मर्यादित भागात नियंत्रित प्रवेश सुरू झाला.

फुलांच्या घाटीत निराळी पद्धत रुळली. तेथे दिवसा शुल्क भरून जाता येते. मुक्काम मात्र उद्यानाबाहेर घांघरिया येथेच करावा लागतो. घाटीचे कुरण त्यामुळे सुरक्षित राहिले, तर सांडपाणी आणि कचरा यांचा सारा भार घांघरियावर आला. मुक्काम थांबविल्याने भार नाहीसा होत नाही, तो दुसरीकडे सरकतो. आणि जेथे सरकतो तेथे तो पेलण्याची तयारी असते का, हा प्रश्न बंदीचा आदेश काढताना क्वचितच विचारला जातो.

स्थानिक व्यवस्थापनाचा मार्ग

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामाईक संसाधनांच्या शोकांतिकेचा सिद्धांत मांडला. कोणालाही मुक्तपणे वापरता येणारे कुरण अखेर उजाड होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात आणि नंतरच्या संशोधनात दाखवून दिले की, ही शोकांतिका मालकहीन मुक्तप्रवेशाची आहे, सामाईक मालकीची नव्हे. वापरणाऱ्यांचा गट निश्चित असेल, नियम त्यांनीच केले असतील, देखरेख त्यांचीच असेल आणि उल्लंघनास क्रमाक्रमाने वाढणारी शिक्षा असेल, तर सामाईक संसाधने दीर्घकाळ टिकतात. या कार्यासाठी त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बुग्यालांवर जे घडले ते हार्डिन यांच्या वर्णनाशी जुळते, कारण पर्यटनाच्या बाबतीत कुरण कागदोपत्री शासनाचे आणि व्यवहारात कोणाचेच नव्हते. तळ चालविणाऱ्या व्यावसायिकाला जमिनीचे भाडे नगण्य होते. झीज मात्र खालच्या गावांच्या झऱ्यांच्या आणि चाऱ्याच्या वाट्याला आली. 'मोफत' मुक्कामाची किंमत कोणीतरी देतच असते.

सिक्कीममधील युकसोम येथे याहून वेगळी व्यवस्था आकाराला आली. कांचनजंगा राष्ट्रीय उद्यानातील झोंग्री मार्गाचे युकसोम हे प्रवेशद्वार. येथील तरुणांनी १९९६ मध्ये कांचनजंगा संवर्धन समिती स्थापन केली. मार्गावर सरपणाऐवजी केरोसीन वा गॅस वापरणे, ठरलेल्या जागीच तंबू ठोकणे आणि नेलेला माल व परत आणलेला कचरा यांची नोंद ठेवणे, या गोष्टी तेथे रुजल्या. राज्य शासनाने २००५ मध्ये पदभ्रमंतीविषयक नियम करून या रीतीला कायद्याचे बळ दिले. आधी गावाची शिस्त आणि मग शासनाचा नियम, हा क्रम येथे निर्णायक ठरला. नियम आधी आणि गावाला त्याची वार्ता नंतर, असे घडते तेव्हा अंमलबजावणीसाठी प्रत्येक तंबूमागे एक वनरक्षक लागेल. तेवढे वनरक्षक कोणत्याच राज्याकडे नाहीत.

केंद्रीय पातळीवरही या दिशेने काही बदल झाले आहेत. पर्यावरण मंत्रालयाने २०२१ मध्ये वन व वन्यजीव क्षेत्रांतील शाश्वत निसर्ग पर्यटनाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. वन (संवर्धन) अधिनियम, १९८० मध्ये २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, वन कार्ययोजनेत अंतर्भूत असलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सुविधा 'वनेतर उपयोग' या व्याख्येतून वगळण्यात आल्या आहेत. याचा एक अर्थ असा की, तळाच्या जागा ठरविणे, तेथे शौचालय वा लाकडी चौथरे उभारणे यांसाठीची प्रक्रिया आता सुलभ झाली. याच सवलतीचा आधार घेऊन तळांच्या जागी मोठी निवासस्थाने उभी राहण्याची शक्यताही नाकारता येत नाही. कार्ययोजनेत काय लिहिले जाते आणि ते लिहिताना वनपंचायत वा ग्रामसभा यांना विचारले जाते का, यावर पुढचे अवलंबून राहील. मुक्काम कोठे, किती रात्रींचा, किती तंबूंचा आणि शुल्कातील किती हिस्सा गावाचा, हे चार तपशील त्यात असल्याखेरीज 'नियंत्रित पर्यटन' या शब्दप्रयोगाला काही अर्थ उरत नाही.

बेदिनीकडे जाणाऱ्या वाटेवर वाण आणि बुग्याल यांच्या मध्ये, वृक्षरेषेच्या खाली, गैरोली पाताल नावाची जंगलातील जागा आहे. कुरणावर मुक्काम बंद झाल्यास रात्र अशाच ठिकाणी काढून पहाटे वर जाणे आणि दुपारी परतणे एवढाच पर्याय राहतो. येथील माती कुरणापेक्षा खोल आहे आणि ती लवकर सावरते. पण येथे वाळलेले लाकूड हाताशी असते, पाण्याचे झरे मोजके असतात आणि हे पाणी खाली वाणच्याच दिशेने वाहते. या जागेसाठी तंबूंची संख्या, चुलीचे इंधन आणि मैल्याची व्यवस्था ठरविणारी योजना तयार करताना वाणच्या ग्रामस्थांना झऱ्यांची, वाटांची आणि खेचरे बांधण्याच्या जागांची जी माहिती आहे, ती कोणत्याही शासकीय नकाशावर नाही.